इंजिन खाते

आप्पांच्या घरात आजवर न उघडलेली वस्तू एकच, काकींची माहेरची ट्रंक. तिची किल्ली काकींच्या कमरेला असते म्हणून ती वाचली. बाकी मिक्सर, शिलाई मशीन, बोअरची मोटर, थोरल्या जावयांचं एचएमटीचं घड्याळ, देवळातलं आरतीला आपोआप झांजा-नगारा वाजवणारं विजेचं यंत्र, सगळं एकदा तरी पोटातलं बाहेर काढून आप्पांच्या अंगणात उन्हाला पडलेलं आहे. वस्तू बिघडलेलीच असावी अशी त्यांची अट नसते. देवळातलं यंत्र तर उत्तम चाललं होतं. आप्पांच्या हातून परत गेल्यापासून ते आरती संपल्यावरही थोडा वेळ वाजत राहतं, एवढंच.

असा एक माणूस निपाणीपासून बेळगावापर्यंत दर गल्लीत सापडतो. उत्तरेला कोल्हापूरचं उद्यमनगर, दक्षिणेला बेळगावचं उद्यमबाग, दोन्हीकडं फाउंड्र्या आणि लेथ. मधल्या पट्ट्यातल्या माणसाच्या बोटांना लोखंडाची खाज सुटली तर नवल काय? आप्पा याला ऐतिहासिक आधार देतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. हे सगळं सांगून झाल्याशिवाय आप्पा पान्याला हात लावत नाहीत.

"लक्ष्मणरावांनी पयली सायकल उघडली ती काय कंपनीला इचारून?"

"त्यांनी जोडून जोडून कारखाना उभा केला," आतून काकींचा आवाज येतो. "तुम्ही सोडून सोडून अंगण भरवलासा."

आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. हे त्यांच्या यंत्रविद्येच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. वखारीत बोदं येत, बोदं जात, तंबाखूच्या खाटानं नवखा माणूस शिंकून शिंकून बेजार होई, आणि त्या शिंकांच्या गदारोळात आप्पा संध्याकाळी कीर्दीचा मेळ घालत. मेळ बसल्याशिवाय जेवायचं नाही, हा नियम. निवृत्तीनंतर वखार सुटली, मेळ काही सुटला नाही. गावात इंजिन उघडणारे इतरही आहेत; त्यांच्याकडं इंजिन बंद करताना दोन बोल्ट उरतात आणि ते ती गोष्ट हसत हसत सांगतात. आप्पांना हे ऐकवत नाही. त्यांच्याकडं लाल कापडी बांधणीची लांबुडकी वही आहे. वर 'श्री', खाली 'इंजिन खाते'. गाडीतून जे सुटेल ते जमा, जे परत बसेल ते नावे. प्रत्येक बोल्ट कागदाच्या पुडीत, पुडीला विडीच्या दोऱ्याची गाठ, वर बोरूनं लिहावं तशा वळणदार अक्षरात नाव : 'टायमिंग कव्हर, खालील बाजू'. या पुड्या आणि तंबाखूच्या पुड्या दिसायला सारख्याच. एकदा थोरल्या जावयांनी जेवण झाल्यावर सवयीनं कोनाड्यातली एक घेतली, तळहातावर रिकामी केली, वर चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हे वॉशर आहे.

गाडी म्हणजे अँबॅसडर. मार्क फोर, पेट्रोलवरची, इंजिन १४८९ सीसीचं. हे इंजिन मूळ इंग्लंडच्या बीएमसीचं. मॉरिस ऑक्सफर्डची अँबॅसडर झाली, त्यानंतर लवकरच तेही आपल्याकडं आलं आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सनं ते पिढ्यान्‌पिढ्या बनवलं. २०१४ साली अँबॅसडरचं उत्पादन बंद झाल्याची बातमी आली, त्या दिवशी आप्पांनी वहीत तशी नोंद केली आणि दुपारचा चहा घेतला नाही. गाडीवरची पाटी एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची, आणि आप्पांचं गाव केए २३ मधलं. त्यामुळं कोगनोळीच्या अलीकडं गाडी परराज्यातली ठरते आणि पलीकडं आप्पा.

यंदा निमित्त झालं तवंदी घाटात. स्तवनिधीचं दर्शन घेऊन आम्ही परत येत होतो. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेटवर कान लावला.

"ऐकालायसा काय सर? पुढनं. खळ्ळ खळ्ळ. चेन हाय."

मला बेंगळुरूला निघालेल्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. काकी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मलाबी ऐकू येतंय. पण ते मी दात खातोय त्याचं असंल."

आता हे केमचं प्रकरण थोडं सांगावं लागेल, कारण आप्पा ते सांगितल्याशिवाय कुणाला चहा देत नाहीत. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टनांनी ढकलून तो फिरतो आणि गाडी चालते. त्याच्या बाजूला केमशाफ्ट. हा व्हॉल्व्ह उघडतो, मिटू देतो. पेट्रोलची वाफ आत कधी येणार आणि धूर बाहेर कधी जाणार हे याच्या हाती. दोघांच्या पुढच्या टोकांवर दातेरी चक्रं आणि दोन्ही चक्रांवरून एक चेन. केमच्या चक्राला क्रँकच्या दुप्पट दाते, म्हणून क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा केमचा एक. आप्पांच्या मते क्रँक म्हणजे शेतकरी आणि केम म्हणजे तलाठी. राबायचं शेतकऱ्यानं, आणि सही कधी होणार ते तलाठी ठरवणार, तेही निम्म्या चालीनं. पण चेन ढिली पडून तलाठ्याची वेळ जरा जरी हुकली, की शेतकरी कितीही राबला तरी पीक नाही. गाडी धापा टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीचा जबडा उघडला होता. आधी रेडिएटर निघाला. त्यातलं पाणी तुळशीला घालायला निघालेल्या नातवाला काकींनी वेळेवर धरलं. मग पट्टा, मग पंखा. मग आला तो नट.

क्रँकच्या पुलीवर जाडजूड नट असतो. जुन्या काळी ज्याच्या खाचेत हँडल अडकवून गाडी सुरू करायची, तोच हा. त्याच्याखाली कान दुमडलेलं लॉक वॉशर. कान छिन्नीनं उठवता येतो, पण नटाला पाना लावून जोर केला की नटाबरोबर अख्खं इंजिनच फिरतं. गॅरेजवाल्यांकडं याला युक्त्या असतात. घरगुती युक्ती एकच : गाडी टॉप गिअरला टाकायची आणि कुणीतरी ब्रेकवर पाय देऊन बसायचं. हे कुणीतरी कोण, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं असतं.

काकी मेथीच्या पेंढ्या आणि सूप घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"ब्रेक!"

"दाबलाय!"

"दाबलाय तर फिरालंय कसं?"

"तुम्ही फिरवालायसा म्हणून!"

एव्हाना फाटकाशी माणसं जमली होती. निपाणीत अंगणात बॉनेट उघडं दिसलं की घरात शिरायला आमंत्रण लागत नाही. दूधवाला म्हणाला, नट उलट्या आट्यांचा असतोय. पेन्शनर गुरुजींनी त्याला दुजोरा दिला. त्यांच्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरला तसाच होता. अक्कोळकडं निघालेला एकजण मोटरसायकल स्टँडवर लावून खास हे सांगायला आत आला. आप्पांनी पान्यावर हातोडा उगारला तेव्हा चिकोडीकडचे लाइनमन कळवळून म्हणाले, "होडीब्याडरी दिवाणजी!" सगळं लोकमत उलट्या आट्यांच्या बाजूनं होतं. आप्पांनी पान्याला बोअरच्या पाइपचा तुकडा घातला, लक्ष्मणरावांचं नाव घेतलं आणि सुलट्याच बाजूनं अंग टाकलं. कट्ट असा आवाज झाला. काकींना वाटलं आप्पांचं मनगट. नट होता.

लोकमत जागचं हललं नाही. "उलट्या आट्यांचाच असतोय," दूधवाला जाता जाता म्हणाला, "तुमचा जुना हाय म्हणून."

टायमिंग कव्हर निघालं आणि पहिल्यांदाच सगळे गप्प झाले. काळ्या तेलात न्हालेली, एक मोठं एक लहान अशी दोन चक्रं, त्यांच्यावर दुपदरी चेन. आप्पांनी धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला, चेनच्या मोकळ्या बाजूवर ठेवला आणि हळूच दाबला. ती आत गेली. जायला नको होती इतकी गेली. आप्पांनी काही न बोलता माझा अंगठा धरून तिथं टेकवला, मग गुरुजींचा, मग लाइनमनचा. घाटात कुणाच्याही कानानं न ऐकलेली ती खळखळ आता गल्लीतल्या सगळ्या अंगठ्यांना पटली.

कंपनीनं दोन्ही चक्रांवर एकेक ठिपका खोदलेला असतो. इंजिन हातानं फिरवून ते दोन ठिपके समोरासमोर आणायचे, मग चक्रं काढायची. बसवताना ठिपके पुन्हा समोरासमोर. यात कुणाला भांडायला जागा नाही असं तुम्हाला वाटेल. पण सीमाभागातला माणूस एकाच खुणेवर भरवसा ठेवत नाही. इथं पाट्या बदलतात. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं, ते काय बेळगावला विचारून? म्हणून आप्पांनी कंपनीच्या ठिपक्यांखेरीज आपल्या डबीतल्या चुन्याची बोटं दोन्ही चक्रांना लावली. मागे कधीतरी दुसऱ्या कुणा मेस्त्रीनं छिन्नीनं केलेले घावही तिथं होतेच. आणि आजोबांना मदत म्हणून नातीनं, तिला जे दाते सुंदर वाटले त्यांच्यावर, गुलाबी नेलपॉलिशचे ठिपके दिले.

रात्रीत चुना तेलात ओघळला. सकाळी बघतो तर प्रत्येक दात्याला कुणा ना कुणाची खूण. गुरुजी छिन्नीच्या घावांच्या बाजूचे, कारण ते ऐतिहासिक. नात गुलाबी ठिपक्यांवर ठाम. माझं मत मागितलं तेव्हा मी दोन्ही बाजूंनी बोललो, ते कुणालाच आवडलं नाही.

"महाजन आयोग करू नका," आप्पा म्हणाले. "१९६७ ला अहवाल आला. २००४ पासनं सुप्रीम कोर्टात भांडण चाललंय. आमची चेन तवर गंजंल."

त्यांनी चिंधीनं सगळ्या खुणा पुसल्या. खोदलेले दोन ठिपके तेवढे राहिले.

चक्रं काढायचं काम मात्र बघण्यासारखं होतं, आणि इथं मी आप्पांची थट्टा थांबवतो. केमचा नट सोडल्यावर दोन्ही चक्रं चेनसकट एकदम पुढं आणावी लागतात, कारण चेनला सांधा नाही. हाणायचं नाही, ओढायचंही नाही. दोन चपट्या पट्ट्या चक्रांच्या मागं सारून वरच्याला केसभर पुढं घ्यायचं, मग खालच्याला केसभर, मग पुन्हा वरच्याला. आप्पांची बोटं वखारीत रुपयाच्या नोटा मोजायची त्याच सावकाशीनं चालत होती. मध्येच हायवेवरचा मेस्त्री येऊन खिशात हात घालून उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "आप्पा, तासात काढून दिलो असतो की मी."

"म्हणून तर तुला दिलो न्हाई," आप्पा मान वर न करता म्हणाले.

चक्रं हातात आली. शाफ्टवरच्या अर्धचंद्राच्या आकाराच्या चाव्या निघाल्या, पुडीत गेल्या. धुवायला पूर्वी रॉकेल असायचं. आता रेशनला ते दिसत नाही, म्हणून डिझेल. आणि डिझेल ओतायला पसरट, काठ असलेलं, कुणाच्या नजरेत न येणारं भांडं हवं होतं. ते आप्पांना स्वयंपाकघरात ताबडतोब सापडलं. काकी तेव्हा ब्रेकवर होत्या.

त्या संध्याकाळी मेळ बसेना.

लहान चक्राच्या मागं, शाफ्टवर, पातळ पोलादी चकत्या असतात. पॅकिंग म्हणतात. दोन्ही चक्रं एका रेषेत यावीत म्हणून त्या घालतात. एखादी कमी झाली की चेन तिरकी धावते आणि नवी असली तरी एका अंगानं खाल्ली जाते. आप्पांनी हेच इंजिन पूर्वी उघडलं होतं, आणि त्या वेळच्या पानावर स्पष्ट नोंद होती : 'पॅकिंग चकत्या २'. आजच्या पुडीत निघाली एक. आप्पांनी मागील बाकी ओढली, बेरीज केली, पुन्हा केली. एक चकती नावे पडत होती.

भाकरी झाल्या होत्या, आप्पा जेवायला उठेनात. "जन्मात मेळ चुकला न्हाई माझा." मग शोधाशोध. गाडीखाली बॅटरी मारून झाली. नातवाचे खिसे उलटे झाले. दूधवाल्यावर संशय गेला, कारण तो उलट्या आट्यांचा राग मनात ठेवून गेला होता. अंगणातली माती चाळणीनं चाळली, तीत जावयांनी फेकलेलं चुन्याचं वॉशर सापडलं, ते आप्पांनी जमा करून घेतलं. रात्री गल्ली निजली तरी आप्पा वही मांडीवर घेऊन बसून होते.

सकाळी शेजारची आक्का विड्यांचं सूप घेऊन नेहमीप्रमाणं आप्पांच्या ओट्यावर सावलीला बसली. विड्या वळणाऱ्या बाईचं लक्ष कधी पूर्ण कामात नसतं. हात आपोआप पान कापतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा बांधतात, आणि कान गल्लीभर असतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघू ती एक."

आप्पांनी पुडी दिली. आक्कानं चकती अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली आणि विडीचं भिजवलेलं पान दुसऱ्याला चिकटलंय का हे बघायला करतात, तसा अंगठा नुसता पुढं सरकवला. एकीच्या दोन झाल्या. मध्ये तेलाचा एक तवंग होता, त्यानं दोन्ही इतक्या घट्ट धरल्या होत्या की फटही दिसत नव्हती.

"हजार पानं हातातनं जात्यात रोज," आक्का म्हणाली. "एकाला एक चिकटलेलं डोळ्याला कळत न्हाई. अंगठ्याला कळतं."

आप्पांनी तेव्हाच भाकरी मागवली, ओट्यावरच.

नवी चेन आणायचं राहिलं होतं. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या घरात. आप्पांची निष्ठा कोल्हापूरला आहे आणि उधारी बेळगावला, त्यामुळं ते बेळगावला गेले. संध्याकाळी चेन, ऑइल सील आणि पावशेर कुंदा घेऊन परत आले. कुंदा काकींसाठी होता. परातीचा बोभाटा अजून झालेला नव्हता, पण दिवाणजींना येणं-देणं आधी कळतं.

बसवताना उलटा क्रम. चकत्या दोन, बोटानं सरकवून, मोजून. ठिपके समोरासमोर धरून चक्रं आणि चेन एकदम आत. आप्पांनी क्रँक हळूच एक फेरा फिरवला आणि नातू किंचाळला, "आजोबा, खूण चुकली!" खरंच, लहान चक्राचा ठिपका वर आला होता आणि मोठ्याचा थेट दुसऱ्या टोकाला होता. गुरुजींनी छिन्नीच्या घावांची आठवण काढली.

"तलाठी निम्म्या चालीचा," आप्पा म्हणाले, आणि अजून एक फेरा दिला. ठिपके पुन्हा नाकाला नाक लावून उभे राहिले. नातवानं मग हौसेनं इतके फेरे दिले की त्याला थांबवावं लागलं.

नट आवळायला काकी पुन्हा ब्रेकवर. या खेपेला त्यांनी शेंगा फोडायला घेतल्या होत्या. नट बसला, लॉक वॉशरचा कान दुमडला, रेडिएटर चढला, पाणी भरलं. आप्पांना पहिली सुरुवात हँडलनंच करायची होती, लक्ष्मणरावांच्या काळासारखी. ते हँडल घालून बाह्या सरसावून उभे राहिले तेव्हा काकी शेंग तोंडात टाकत म्हणाल्या, "गिअर काढू काय? का तुम्हाला अंगावरनं न्यायचीय?" गाडी टॉप गिअरमध्येच होती. हे ध्यानात ठेवणारं अख्ख्या अंगणात एकच माणूस होतं.

इंजिन सुरू झालं. आप्पांनी बॉनेटवर कान लावला. मग माझा कान लावला. मला काही ऐकू आलं नाही, आणि या वेळी तेच बरोबर उत्तर होतं.

त्या रात्री इंजिन खातं बंद करायला आप्पांनी आम्हाला साक्षीला बसवलं. जमेच्या एकेक रकमेसमोर नावेची रक्कम बसत गेली. खर्चात चेन, सील, डिझेल, बेळगावचं भाडं. त्याखाली एक ओळ होती : 'आक्का, चकती शोधणावळ, ५० विड्यांची मजुरी'. तेवढ्या वेळात तिच्या तेवढ्या विड्या झाल्या असत्या, असा हिशेब तिनंच दिला होता आणि आप्पांना तो मान्य होता.

काकींनी वही ओढून वाचली. "मी ब्रेकवर बसलो, ते कुठं लिवलासा?"

"घरचं माणूस भांडवलात धरत्यात," आप्पा म्हणाले. "खर्चात न्हाई."

काकींनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि बेरजेच्या रेघेखाली, नावेच्या बाजूला, आपल्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं : 'भाकरीची परात १, डिझेल लागलेली. येणे.'

आप्पांचा मेळ पुन्हा चुकला.